भट्टी उघडली आज

दोन दिवस कळ काढून आज सकाळी मातीच्या भांड्यांची भट्टी उघडली. तापमान १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे आमचं दोघांचं ठरलेलं. १२४० पर्यंत चढवलेली भट्टी निवताना ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, एकदम आकसतो. तिथे घाई केली की भांडं तडकतं. पूर्वी एकदा अख्खी रांग अशीच गेली होती, अजून डोळ्यांसमोर आहे.

मी चाकावर बसते, माझा जोडीदार रंगवतो. कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळपट दिसतं, निळं होतं ते भट्टीतच. जलरंगात वाढलेल्या माणसाला अशा न दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवायला वर्षं लागली. आज त्याने मोठा वाडगा उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि काहीच बोलला नाही. आत मागच्या प्रवासातली नदी होती, वळणासकट. ब्रश कोरडा पडला होता तिथे निळा विरत गेलेला. किती सुंदर!

हवा दमट झाली की भांडी वाळता वाळत नाहीत. मग चाक झाकून आम्ही निघतो. तो चित्रांच्या वह्या भरतो, मी जिथे जाऊ तिथली ओली माती वळून बोटाभोवती गुंडाळून बघते. चिरली नाही तर कामाची. असे महिने दरवर्षी वाट्याला येतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

वाडगा विकायचा नाही, हे मात्र मी सांगून टाकलंय.