सोसायटीच्या नोटिशीला अ‍ॅपवरून उत्तर दिलं, त्याचा अनुभव

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत पूर्वी नियमभंगाची नोटीस वॉचमन आणून द्यायचा. उत्तर द्यायचं तर सोसायटीचं ऑफिस उघडं असताना जायचं. अंबडला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या माझ्यासारखीला ते जमायचं नाही. मग विषय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघायचा आणि सगळ्या बिल्डिंगसमोर माणसाची शोभा व्हायची.

यंदा कमिटीनं हे काम अ‍ॅपवर आणलं. भर पावसाळ्यात मला नोटीस आली: तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी खालच्या घरात मुरतं, खुलासा न दिल्यास ५०० रुपये दंड मेंटेनन्सच्या बिलात लावू. सोबत भिंतीचा फोटो होता. खालच्या काकूंची तक्रार खोटी नव्हती, भिंतीचं प्लास्टर खरंच फुगलं होतं. पण ओल कुंड्यांखाली नव्हती, पावसाच्या पाइपालगत वरपासून खाली उतरली होती. आणि श्रावणात कुंड्यांना पाणी घालतं कोण?

रात्री घरी आल्यावर उत्तर लिहिलं. कुंड्यांखालच्या ताटल्यांचे फोटो आणि पाइपाचा सांधा गळतानाचा व्हिडिओ जोडला. बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती काढणं आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) संस्थेचं, म्हणजे सोसायटीचं काम आहे, तेव्हा प्लंबरसह पाहणी करा, अशी मागणी केली.

दंडाबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला, कारण इथे बहुतेक सभासद गप्प बसून पैसे भरतात. उपविधी सांगतात की कमिटीनं आधी लेखी कळवायचं, तरी नियमभंग चालूच राहिला तर कारणे दाखवा नोटीस द्यायची. दंड ठरवते ती सर्वसाधारण सभा, तेही सभासदाचं म्हणणं ऐकून, आणि एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त ५,००० रुपये. सेक्रेटरींनी परस्पर बिलात रक्कम घालायची नसते.

उत्तर पाठवताच तारीख-वेळेसह पोच आली. ती मी डाउनलोड करून ठेवली; उद्या प्रकरण सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलंच तर हाच कागद उपयोगी पडेल.

सेक्रेटरी काका प्लंबरला घेऊन आले, सांधा बदलला. अ‍ॅपवर तक्रार बंद झाली, दंडाची ओळही नोटिशीच्या नमुन्यातून काढली.

काकू मात्र अ‍ॅप वापरत नाहीत. त्यांची तक्रार मुलानं पुण्याहून टाकली होती. म्हणून ज्येष्ठांसाठी कागदी अर्ज चालू ठेवा आणि त्यांनाही तशीच पोच द्या, असं पत्र मी कमिटीला दिलं आहे.