फाइल्स जागेवर, यादी रिकामी

एका वास्तुविशारद कार्यालयाची संगणकव्यवस्था मी पाहतो. तिथले नकाशे आणि परवानग्यांची कागदपत्रे नेटवर्कवरच्या सामाईक साठवणयंत्रावर, म्हणजे 'नास'वर असतात, आणि लिनक्स सर्व्हरवरचा इंडेक्सर रोज पहाटे तो साठा वाचून शोधयादी ताजी करतो. पावसाळ्यातल्या एका सकाळी ड्राफ्ट्समनचा फोन आला, "सर, एकही नकाशा सापडत नाही, सगळं उडालंय." मी पोहोचलो तेव्हा जुना बॅकअप नासवर चढवण्याची तयारी चालली होती. ती मी आधी थांबवली, कारण जुन्या प्रती ताज्या फाइल्सवर बसल्या असत्या तर तोवर न झालेले नुकसान खरोखरच झाले असते.

नास उघडून पाहिला, तर सगळी फोल्डरे शाबूत होती. रात्री वीज गेली होती; ती परतल्यावर सर्व्हर लगेच सुरू झाला, पण नास डिस्क तपासत बसल्यामुळे त्याचे फोल्डर सर्व्हरवर माउंट झालेच नाही, म्हणजे सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरशी जोडले गेले नाही. अशा वेळी सर्व्हरवरचा मार्ग नाहीसा होत नाही, तिथे साधे रिकामे फोल्डर उरते. फोल्डरातली नावे दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा मी दिली तेव्हा एकही नाव आले नाही आणि त्रुटीही दिसली नाही. 'माउंटपॉइंट' ही आज्ञा दिल्यावरच तिथे काही जोडलेले नसल्याचे कळले. इंडेक्सरलाही त्रुटी न मिळाल्याने त्याने सगळ्या फाइल्स पुसल्या गेल्या असे धरले आणि यादीतल्या नोंदी काढून टाकल्या.

नोंदी पुन्हा तयार करता येतात, पण अभियंत्यांनी वर्षानुवर्षे हाताने लावलेल्या गट क्रमांकांच्या आणि मालकांच्या नावांच्या खुणा त्या नोंदींनाच चिकटलेल्या होत्या, आणि त्या गेल्याचे मला सर्वांत वाईट वाटले. यादीच्या डेटाबेसचा वेगळा बॅकअप होता, म्हणून त्या परत मिळाल्या.

'फाइल नाही' आणि 'फाइलपर्यंत पोहोचता येत नाही' ही दोन उत्तरे इंडेक्सरने वेगळी ओळखलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. विंडोज हा फरक सांगते: फाइल नसेल तर त्रुटी क्रमांक २, नेटवर्कचा मार्गच सापडला नाही तर ५३. रिकामे माउंट फोल्डर मात्र असे काहीच सांगत नाही. म्हणून नासच्या सर्वांत वरच्या फोल्डरात मी एक छोटी ओळखफाइल ठेवली. ती दिसली नाही तर इंडेक्सर एकही नोंद काढत नाही, फक्त 'सध्या संपर्काबाहेर' असा शेरा मारतो. एका फेरीत नेहमीपेक्षा फारच जास्त फाइल्स गायब दिसल्या तरीही तो थांबतो आणि मला कळवतो.

चाचणीसाठी फेरी चालू असताना नासची केबल काढली, तेव्हा दुसरी अडचण उघड झाली. नासचे फोल्डर नेटवर्कवरून जोडण्याची पद्धत म्हणजे एनएफएस; तिचे 'हार्ड' प्रकारचे माउंट उत्तर येईपर्यंत प्रयत्न सोडतच नाही, त्यामुळे इंडेक्सर त्रुटी न देता नुसता अडकून राहिला आणि त्याच्यापायी स्थानिक डिस्कची फेरीही खोळंबली. आता प्रत्येक नेटवर्क ड्राइव्हचे वाचन स्वतंत्र प्रक्रियेत आणि ठरावीक मुदतीत होते. मुदत टळली की तो ड्राइव्ह त्या फेरीपुरता वगळला जातो. कायमच्या बंद केलेल्या ड्राइव्हच्या नोंदी त्यामुळे आपोआप निघत नाहीत. त्या कार्यालयप्रमुखांना विचारून मी हाताने काढतो.