उसातला बिबट्या आणि रात्रीची लाईट

पुण्याहून पाहुणे आले की चहा होण्याआधीच विचारतात, "बिबट्या खरंच दिसतो का हो?" दिसतो. गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडताना दिसतो, विहिरीच्या कठड्यावर दिसतो, आणि दिराने गोठ्यावर कॅमेरा बसवल्यापासून पहाटे तीनला वैरणीच्या गंजीवर आरामात बसलेलाही दिसतो. मग दुसरा प्रश्न ठरलेला: "पकडून जंगलात का सोडत नाहीत त्याला?"

हा प्रश्न हल्ली गावातलेही विचारतात, म्हणून लिहायला बसले.

कुठलं जंगल? आमचं घर आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, डिंभ्याच्या कालव्याखाली. सासरे सांगायचे, पाणी यायच्या आधी इथं बाजरी आणि हुलगा व्हायचा, पलीकडे नुसता माळ. लांडगा असायचा, बिबट्याचं नाव नसायचं. कालवा आला, त्याच्या पाठोपाठ ऊस आला. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो तो पुढच्या वर्षी दिवाळीनंतरच कारखान्याला जातो. मोठी बांधणी, म्हणजे बुडख्याला मातीची शेवटची भर, झाली की कुणी आत पाय ठेवत नाही. आत गारवा, पाटाला पाणी, बांधावर डुक्कर आणि वस्तीवर कुत्री. बिबट्याची मादी तीन महिन्यांत विते, दोन-तीन पिल्लं होतात, आणि ती पाचटातच डोळे उघडतात. त्यांच्या आईचाही जन्म बहुधा उसातलाच. अशा जनावराला भीमाशंकरच्या रानात नेऊन सोडणं म्हणजे त्याला घरी पोचवणं नव्हे.

हा प्रयोग आमच्याच भागात होऊन गेलाय. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वन विभागात पिंजरे लावून बिबटे धरले आणि आसपासच्या जंगलात, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर, नेऊन सोडले. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशोब मांडलाय. आधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीने भेदरलेलं जनावर, दुसरं काय होणार? शिवाय इथली जागा रिकामी राहत नाही, नवा येऊन बसतो.

आणि सोडलं तिथं ते राहील याचा तरी काय भरवसा! 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर काढला, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. हा गडी महामार्ग, रेल्वे, सगळं ओलांडत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. रस्त्यात एवढी गावं, एकाही माणसाला त्याने हात लावला नाही. दोन वर्षांनी मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर गाडीखाली मेला.

आमच्या उसाची तोड चालू असताना मागे पिल्लं सापडली होती. टोळीतली एक बाई मोळी बांधता बांधता ओरडली, तशी सगळ्यांनी कोयते टाकले. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. पोरं मोबाईल घेऊन धावली, मुकादमाने त्यांना शिव्या घालून बांधावर हाकललं. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं वन खात्यासोबत आली. डॉक्टरांनी पिल्लं तपासली, गोचिडं काढली, आणि संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून क्रेट नेमका त्याच सरीत ठेवला. फड तेवढ्यापुरता थांबला. रात्री मादी येऊन एकेक करून उचलून घेऊन गेली, ते कॅमेऱ्यात आलं. पिल्लं मिळाली नाहीत तर तीच मादी चवताळून वस्तीभोवती फिरते, हे आता आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. इतकी वर्षं सोबत राहून लोक बरंच शिकलेत. गाडीवर मागे बसणाऱ्याने बोलत राहायचं, अंधारात वाकून काही करायचं नाही, शेळ्या जाळी मारलेल्या गोठ्यात.

पण शहाणपणाला दार लागतं, भिंत लागते. आमच्याकडे ती आहेत. उसतोडीला बीडकडून येणाऱ्या जोडप्याकडे काय असतं? माळावर पाचटाची कोपी, पुढे चूल, बाजूला बैलं, आणि बाळ झोळीत. संडास म्हणजे उसाचा बांध. पारनेरकडून येणाऱ्या मेंढपाळांचं तर वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावलं की त्याच्या कडेला उघड्यावरच अंथरूण. बसलेलं, वाकलेलं माणूस आणि लहान मूल बिबट्याला आपल्या नेहमीच्या शिकारीएवढंच दिसतं. बंगल्यातल्या माणसाने "सहजीवन" म्हणायचं आणि कोपीतल्या माणसाने ते निभावायचं, हे मला पटत नाही. सहजीवनाच्या सभेत एखाद्या मुकादमाला किंवा धनगराच्या बायकोला बोलावलेलं मी अजून पाहिलं नाही.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यात लेकरं गेली, एक आजी गेल्या. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. तो बिबट्या शेवटी गोळी घालून मारला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे सरळ लिहिते. माणसावर सारखा येणारा एक बिबट्या आणि उसातले बाकीचे बिबटे, हे दोन वेगळे विषय आहेत. एकाला आवरलंच पाहिजे. बाकीच्यांचं काय, तर नसबंदीची चर्चा आहे, पिंजरे वाढवायची आहे. होऊ द्या.

मला मात्र आधी लाईटचं बोलायचंय. शेतातल्या मोटरीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की हे अकराला बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघतात. सरीत पाणी फिरवायचं म्हणजे वाकायचंच, तेही उसाच्या तोंडाशी. घरी मी आणि आत्या जाग्याच. दर थोड्या वेळाने फोन करायचा, नुसता "हं" आला तरी पुरे. बिबट्याशी काही करार झालेला नाही, तरी त्याला रात्र दिली आणि आम्ही दिवस घेतला तर जमण्यासारखं आहे. पण आमची रात्रच वेळापत्रकाने त्याच्याकडे ढकललीय. काही ठिकाणी सौर पंप बसलेत. त्या वस्तीवरची माणसं संध्याकाळी सहाला हातपाय धुऊन घरात असतात, एवढा साधा फरक.

पश्चिमेकडे, डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या गावांत वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आमच्या बागायती पट्ट्यात मला वाघोबा कुठं दिसला नाही. इकडे बिबट्या पाण्यामागून आला, पिकामागून आला, देव व्हायला त्याला वेळच मिळाला नाही.

सध्या घरात वाद चाललाय तो घरामागच्या तुकड्याचा. गोठ्याच्या भिंतीपर्यंत ऊस आलाय. माझं म्हणणं, हा तुटून गेला की खोडवा, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवायचा नाही, गोठ्यापासून निदान तीस-चाळीस पावलं मोकळी सोडायची आणि तिथं मेथी-कोथिंबीर करायची. मागून कोण येतंय ते तरी दिसेल. ह्यांचं म्हणणं, उसाला भाव ठरलेला, मेथीची जुडी मंचरच्या बाजारात कधी फेकून द्यावी लागते. तेही खोटं नाही. आत्या माझ्या बाजूने आहेत, कारण त्यांची शेळी बिबट्याने त्याच भिंतीवरून नेली होती. दीर म्हणतो, अजून एक कॅमेरा लावू. कॅमेऱ्यात शेळी नेताना दिसेल, एवढंच, असं आत्यांनी त्याला सुनावलं. टोळी पुढच्या आठवड्यात येतेय, मी मेथीचं बी आणून ठेवलंय.