टोयोटाचं २एझेड-एफई पेट्रोल इंजिन: ऑइल कुठे जातं आणि मागचे आटे का सुटतात

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लुकलुकू लागेपर्यंत पंपाने हवा ओढायला सुरुवात केलेली असते आणि बेअरिंगं कोरडी पडत असतात. काही मॉडेलांत पातळीचा वेगळा पिवळा दिवा असतो, पण त्याच्यावरही विसंबून राहू नये. आरएव्ही४ आणि हायलँडरसारख्या कुटुंबाच्या गाड्यांत बसलेल्या या २.४ लिटर इंजिनाच्या बाबतीत तर ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी. हे इंजिन मुळात दणकट आहे, पण अशी बरीचशी इंजिनं ऑइल न तपासल्यामुळे भंगारात जातात.

आधी रचना पाहू. चार सिलिंडर, २,३६२ सीसी. बोअर ८८.५ मिमी आणि स्ट्रोक ९६ मिमी. स्ट्रोक लांब असल्यामुळे कमी आरपीएमवरही ओढ चांगली मिळते आणि भरलेली गाडी चढावर फारशी कुरकुरत नाही. डबल ओव्हरहेड कॅम, १६ व्हॉल्व्ह, इनटेक कॅमवर व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा), आणि टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे. कॉम्प्रेशन रेशो सुरुवातीला ९.६ होता, पुढे ९.८ झाला. ताकद मॉडेलनुसार १६० एचपीच्या आसपास, टॉर्क ४,००० आरपीएमला साधारण २२० न्यूटन मीटर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि त्यात बिडाचे पातळ लायनर ओतकामातच बसवलेले आहेत. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) खाली दोन बॅलन्स शाफ्ट आहेत, त्यामुळे आयडलिंगला थरथर कमी जाणवते. व्हॉल्व्हचे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या वाट्या) हायड्रॉलिक नाहीत. गॅप बदलायचा तर वेगळ्या जाडीचा टॅपेट घालावा लागतो, पण ती वेळ क्वचितच येते.

आता ऑइल. तक्रारी प्रामुख्याने २००६ ते २००९ च्या गाड्यांच्या आहेत. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात आणि तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली आणते. खरवडलेलं ऑइल त्या तिसऱ्या रिंगेच्या खाचेत असलेल्या बारीक भोकांतून परत सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) जायला हवं. या पिस्टनांत ती भोकं गरजेपेक्षा लहान आहेत. उष्णतेने तिथे ऑइल करपतं, भोकं बुजतात, रिंग खाचेतच चिकटून बसते. मग भिंतीवर राहिलेलं ऑइल प्रत्येक स्ट्रोकला पेट्रोलबरोबर जळून जातं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. वरच्या दोन रिंगा ठणठणीत असल्याने कॉम्प्रेशन टेस्ट व्यवस्थित येते. 'कॉम्प्रेशन चांगलंय म्हणजे इंजिन चांगलंय' हे वाक्य या इंजिनापुरतं तरी मान्य करू नका. निळा धूरही बहुतेक वेळा दिसत नाही, कारण थोडंथोडं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येच जळतं. त्याचा परिणाम पुढे दिसतो: कन्व्हर्टरवर राख बसते आणि पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) हा कोड येतो. तेव्हा सेन्सर बदलून काही होत नाही, दुखण्याचं मूळ पिस्टनमध्ये आहे.

मोजमाप कसं घ्यायचं? गाडी सपाट जागी लावा, इंजिन गरम करून बंद करा आणि पाच मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण खोल घाला, परत काढा. दोन्ही बाजूंना वेगळी पातळी दिसली तर खालची खरी माना. ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. नंतर दर ५०० किलोमीटरला पाहा आणि जितकं घालावं लागेल तितकं मापाच्या भांड्यातून घाला, अंदाजे ओतू नका. टोयोटाने २०११ मध्ये या तक्रारीवर तांत्रिक बुलेटिन काढलं, त्यात चाचणीची मर्यादा १,२०० मैलांना एक क्वार्ट होती. आपल्या हिशेबात साधारण १,९०० किलोमीटरला ०.९५ लिटर, म्हणजे १,००० किलोमीटरला अर्धा लिटर. पुढे अमेरिकेत २००६ ते २००८ च्या आरएव्ही४ साठी वाढीव वॉरंटीही दिली गेली. माझ्या मते १,००० किलोमीटरला ३०० मिलीच्या वर गेलं की डिपस्टिक आठवड्याला पाहायची सवय लावावी.

पिस्टनवर संशय घेण्याआधी सोपं सगळं बाद करा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) काढून कानाजवळ हलवा, आत टिकटिक आवाज आला पाहिजे. नाही आला तर बदला. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, फिल्टर आणि ड्रेन बोल्ट बाहेरून पाहा. टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) हेडच्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या, बाजूला बाहेरून बसतो. त्याचं ओ-रिंग कडक होऊन तिथून ऑइल पाझरतं आणि ते चेन कव्हरमधून आल्यासारखं दिसतं. ओ-रिंग बदलताना टेन्शनर काढला की क्रँक मुळीच फिरवायचा नाही, नाहीतर चेन दात सोडते. परत बसवताना प्लंजर आत दाबून हुकात अडकवायचा. बसवून झाल्यावर क्रँक आधी किंचित उलटा फिरवून हूक सोडवायचा आणि मग सुलटा फिरवून प्लंजर बाहेर आल्याची खात्री करायची. हूक न सोडता इंजिन चालू केलं तर चेन सैल राहून दात सोडू शकते.

सॉल्व्हंट घालून पिस्टन भिजवण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. प्लगच्या भोकांतून द्रव ओतून रात्रभर ठेवायचा. चिकटलेली रिंग कधी थोडी मोकळी होते आणि काही हजार किलोमीटर फरकही पडतो, पण भोकं लहान ती लहानच राहतात, त्यामुळे परत बुजतात. हा उपाय करायचाच असेल तर नंतर इंजिन चालू करण्याआधी प्लग काढलेले असतानाच क्रँक फिरवून उरलेला द्रव बाहेर काढा, कारण द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. ५डब्ल्यू-२० ऐवजी ५डब्ल्यू-३० घातल्याने खप किंचित उतरतो, इतकंच. खरा इलाज सुधारित पिस्टन आणि रिंगांचा संच, म्हणजे हेड उतरवावं लागणार.

हेड उतरवायचंच आहे तर दुसरी गोष्ट, म्हणजे हेड बोल्टचे आटे, त्याच वेळी हातावेगळी करावी. हेडला दहा बोल्ट आहेत, पाच पुढच्या ओळीत, पाच मागच्या. इंजिन आडवं बसतं आणि एक्झॉस्ट मागे, फायरवॉलच्या बाजूला येतो, त्यामुळे उष्णता मागच्या ओळीला जास्त. ब्लॉकमधले ॲल्युमिनियमचे आटे कमी लांबीचे असल्याने वारंवारच्या प्रसरण-आकुंचनात मागच्या ओळीतले मधले तीन बोल्ट आटे सोडतात. सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये हे जास्त दिसतं, नंतरच्या ब्लॉकमध्ये आट्यांची लांबी वाढवली गेली. बोल्ट तुटत नाही, ब्लॉकमधून आटे ओढून वर येतो. काढल्यावर त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमचे चकचकीत वेटोळे चिकटलेले दिसतात.

लक्षण साधं असतं पण नजरेआड राहतं. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, मागच्या बाजूला, वाळलेल्या कूलंटचा गुलाबी मिठासारखा पापुद्रा जमतो. गाडी थांबवल्यावर कूलंटचा गोडसर वास येतो, रिझर्व्ह टाकीतली पातळी हळूहळू खाली जाते आणि मग एके दिवशी लांबच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकतो. कूलंट यंत्रणेवर कॅपवर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन रात्रभर ठेवलं तर गळती उघडी पडते. रंग बदलणाऱ्या द्रवाची ज्वलनवायू चाचणीही करावी, पण ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलात असं नाही, कारण कूलंट फक्त बाहेरच गळत असू शकतो.

इथे नुसतं हेड गॅस्केट बदलणं म्हणजे काम दोनदा करणं. टॉर्क देताना बोल्ट नुसता फिरत राहतो, किंवा शेवटच्या ९० अंशांत सैल पडतो. दुरुस्ती म्हणजे जिग लावून भोक सरळ ड्रिल करणं, नवे आटे पाडणं आणि त्यात पोलादी बुश बसवणं. तारेच्या गुंडाळीपेक्षा टाइम-सर्ट प्रकारचा एकसंध बुश इथे जास्त विश्वासाचा. ड्रिल तिरपं गेलं की हेड एका बाजूने दाबलं जातं, म्हणून हातातल्या मशीनने हे करू देऊ नका. तीनच नाही, दहाही भोकांना बुश घालावेत, कारण उरलेल्या सातांचं वय तेवढंच आहे. बसवण्याआधी प्रत्येक भोक हवा मारून कोरडं करा. तळाशी कूलंट किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट खाली येताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हेडचा सपाटपणा स्ट्रेटएजने तपासल्याशिवाय परत चढवू नये.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. वॉटर पंपच्या खालच्या भोकातून कूलंटचा ओघळ दिसला तर पंप बदला. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरच्या ट्यूब सील गेल्या, त्याने कॉइल बिघडते आणि पी०३०१ ते पी०३०४ (त्या सिलिंडरचं मिसफायर) पैकी कोड येतो. पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) आला तर व्हॅक्यूम गळती शोधा आणि एअर मास सेन्सर त्याच्याच खास स्प्रेने धुवा. पी००११ (इनटेक कॅमची वेळ चुकते) म्हणजे बहुधा घाण ऑइल. आधी ऑइल बदला, मग व्हीव्हीटीच्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी काढून साफ करा. डी गिअरमध्ये ब्रेकवर उभं असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर उजवा हायड्रॉलिक माउंट फुटलेला असतो.

गुलाबी सुपर लाँग लाइफ कूलंट पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटर किंवा १० वर्षांनी, पुढे दर ८०,००० किलोमीटर किंवा ५ वर्षांनी बदलायचं असतं. हिरवा कूलंट त्यात मिसळू नये. इरिडियम प्लगचा गॅप १.१ मिमी. ऑइल फिल्टरसकट चार लिटरच्या आसपास बसतं, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या हँडबुकमध्ये पाहा. ड्रेन बोल्टला १४ चा पाना लागतो, आणि दर वेळी नवा वॉशर.

जुनी गाडी घेताना टॉर्च आणि लांब दांड्याचा छोटा आरसा बरोबर ठेवा. एक्झॉस्टच्या वर, फायरवॉलकडच्या सांध्यावरून आरसा डावीकडून उजवीकडे न्या. मग डिपस्टिक काढा, आणि पातळी कमी असेल तर मालकाला शेवटचं ऑइल किती किलोमीटरपूर्वी भरलं ते विचारा.