सहा वाद्यांची घळ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नामिबियाचे फोटो बघताना सगळे सोसुसव्लेईच्या वाळूच्या लाल टेकड्यांपाशी रेंगाळतात आणि मग हमखास विचारतात, "एवढं लांब जाऊन त्या घळीत अख्खी दुपार का काढलीत? तिथे तर काहीच दिसत नाही."

फोटोत खरंच काही दिसत नाही. सेसरीमची घळ जेमतेम एक किलोमीटर लांब, आणि सगळ्यात खोल जागी साधारण 30 मीटर. अगदी काठाशी जाईपर्यंत ती आहे हे कळतही नाही. सपाट माळ असतो, आणि एकदम पायापुढची जमीन उकललेली. पण तिचं नाव ऐका. आफ्रिकान्समध्ये 'सेस' म्हणजे सहा आणि 'रीम' म्हणजे कातड्याची वादी. बैलगाड्या घेऊन या मुलखातून जाणारे लोक काठावरून खालच्या डोहातलं पाणी शेंदायचे. बादली पाण्याला टेकायला ओरिक्स हरणाच्या कातड्याच्या सहा वाद्या एकीला एक बांधाव्या लागायच्या. पाणी किती खाली होतं, एवढंच त्या नावात आहे. त्या नावासाठीच मी ही जागा आमच्या यादीत घातली होती.

आम्ही दोघी बहिणी होतो आणि गाडी भाड्याची. राजधानी विंडहूकपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता खडीचा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे ती अडचण नव्हती. खरी परीक्षा खडीची. तिच्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात, गाडी थडथडत राहते, आणि जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं घसरून गाडी आडवी होते. टायरमधली हवा थोडी उतरवली की पकड सुधारते. ताईने काटा 80 च्या वर जाऊ दिला नाही. समोरून गाडी आली की ती आणखी हळू व्हायची, कारण त्या धुळीत काही क्षण स्वतःच्या गाडीचं बॉनेटसुद्धा दिसत नाही. वाटेतल्या सॉलिटेअर या छोट्या वस्तीत पोचलो तेव्हा टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, तरी आम्ही पुन्हा पूर्ण भरली. पुढचा पंप बंद असेल, असं धरूनच तिकडे चालवावं. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावं. रात्री ओरिक्स आणि कुडू ही मोठी हरणं रस्त्यावर येतात.

घळीत उतरायला दगडांतून वाट आहे. दहा मिनिटंही लागत नाहीत, पण तेवढ्यात उन्हाची धग मागे राहते. खाली गेल्यावर मी भिंतीला हात लावला. गार होती. आणि ती अखंड खडक नव्हतीच. मुठीएवढे, नारळाएवढे गुळगुळीत गोटे चुनखडीच्या लगद्यात एकावर एक थरांनी बसवल्यासारखे होते. एक थर बारीक वाळूचा, त्यावर एक मोठ्या गोट्यांचा, पुन्हा वाळू. मोठे गोटे म्हणजे नदी जोरात आली होती. वाळू म्हणजे संथ. त्साउखाब नदीने आधी हे सगळं आणून टाकलं, ते सिमेंटसारखं घट्ट झालं, आणि मग लाखो वर्षांत तिनेच ते कापून काढलं. काही ठिकाणी दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील असं वाटतं. तळाशी एका कोपऱ्यात चिखल अजून ओला होता आणि त्यावर पक्ष्यांच्या पायांचे ठसे होते. ताई तिथे बराच वेळ उकिडवी बसून होती. "इथे कुणीतरी सकाळी पाणी प्यायलंय गं," म्हणाली.

एक गोष्ट मात्र जपा. नाउक्लुफ्टच्या डोंगरांवर ढग असतील तर आत उतरू नका. पाऊस तिकडे पडतो आणि लोंढा इकडे येतो, डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. ही नदी घळीतून निघून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने जाते, पण समुद्र तिला सापडत नाही. साठेक किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या तिची वाट अडवतात आणि ती तिथेच जिरते. ती जागा म्हणजे सोसुसव्लेई. शेजारच्या डेडव्लेई या कोरड्या तळ्यातली काळी, वाळलेली झाडं सगळ्यांना आवडतात. त्यांना पाणी देणारी नदी हीच. टेकड्यांनी तिकडची वाट बंद केली आणि झाडं मेली, त्याला सहाशे-सातशे वर्षं झाली. घळ न बघता गेलात तर ती झाडं फक्त सुंदर दिसतात. आम्ही आदल्या दिवशी ओला चिखल बघून गेलो होतो. डेडव्लेईच्या पांढऱ्या, तडकलेल्या जमिनीवर ताईने पाय ठेवला, मागे वळून नदी जिकडून यायची तिकडे बघितलं, आणि कॅमेरा बाहेर काढायला आम्हाला दोघींनाही बराच वेळ लागला.