जुनं एचएमटी घेताना आधी मागचं झाकण उघडायला लावा

बाबांकडे एचएमटी कंपनीचं 'जनता' नावाचं चावीचं घड्याळ होतं. सकाळी दाढी झाली की ते चावी द्यायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. घर बदलताना ते कुठेतरी गेलं ते गेलंच, आणि मग दोन वर्षांपूर्वी मी तसंच एक शोधायला लागलो.

एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर करार करून बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये सरकारने घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळे त्या काळातलं आता जे मिळतं ते कुणीतरी वापरलेलं नाहीतर दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं.

पहिलं मी ऑनलाइन घेतलं. निळी चकचकीत डायल, केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) आरशासारखी, फोटो बघूनच पैसे पाठवले. मग आमच्या इथल्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं तर त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि उघडायच्या आधीच म्हणाले, "डायल रंगवलेली आहे रे ही." मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर नीट येत नव्हत्या, अक्षरं जाड आणि पसरट होती, एकदा दाखवल्यावर मलाही दिसायला लागलं. याला रीडायल म्हणतात, आणि बाजारात जी लाल-हिरवी-जांभळी जनता दिसतात त्यातली पुष्कळशी अशीच असतात. केसला इतकं पॉलिश मारलं होतं की लगच्या (म्हणजे पट्टा जिथे बसतो त्या शिंगांच्या) कडा पार गोल झाल्या होत्या.

मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या, फक्त मागचं झाकण स्टीलचं, बाकी केस बहुतेक वेळा पितळेवर क्रोम चढवलेली असते. लगच्या खालच्या बाजूला, जिथे घाम लागतो तिथे क्रोम उडून पिवळं दिसतंय का ते बघायचं.

पण खरी गोष्ट आत असते. काकांनी झाकण काढलं तर चावीच्या दांडीजवळ गंज, कारण पाणी आणि घाम सगळ्यात आधी तिथूनच शिरतो, आणि स्क्रूची डोकी ओरखडलेली, म्हणजे मशीन कुणीतरी धसमुसळेपणाने उघडलेलं. त्याच दिवशी मी त्यांना सगळं समजावून सांगायला लावलं. चावी दिली की डबीतली मेनस्प्रिंग गुंडाळली जाते, ती सुटताना चाकं फिरवते, आणि ती एकदम सुटू नये म्हणून पॅलेट नावाचा छोटा भाग चाकाचा एकेक दात अडवत-सोडत राहतो, आणि त्या पॅलेटला ताल देतं ते बॅलन्स व्हील, केसाएवढ्या बारीक हेअरस्प्रिंगवर इकडून तिकडे झुलणारं. ते बघताना मला खरंच बाकी काही सुचेना! डायलवर लिहिलेले 17 ज्वेल्स म्हणजे आत चाकांच्या आसांची टोकं आणि पॅलेट झिजू नयेत म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे, त्यांना दागिन्यासारखी किंमत नाही पण काम मोठं आहे.

हे मशीन तासाला 18000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून सेकंद काटा बारीक बारीक पावलांनी सरकतो. डायलवर जनता लिहिलंय आणि काटा सेकंदाला एकच उडी मारतोय, तर आत कुणीतरी क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारं) मशीन घातलंय, सरळ परत द्या. चावीचे दोन-चार वेढे दिले की घड्याळ न हलवता चालू व्हायला हवं. आणि दिवसात खूपच पुढे जात असेल तर लगेच घाबरू नका, कधी कधी हेअरस्प्रिंगला चुंबक लागून तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, ते चुंबकत्व काढणं दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं घेतलं ते पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी. पांढरी डायल पिवळट पडलेली, काच ओरखड्यांनी धूसर, कुणी हातात धरत नव्हतं. पण विकणाऱ्याने मागताच झाकण उघडून दाखवलं आणि मशीन स्वच्छ होतं, गंजाचा ठिपका नाही. काच अ‍ॅक्रिलिकची, ती टूथपेस्टने घासून बरीच साफ झाली, काकांनी सर्व्हिसिंग करून तेल घातलं (हा खर्च किमतीतच धरून चाला), डायलला मी हात लावू दिला नाही. फक्त चावी मूळची नाहीये, थोडी मोठी वाटते, काकांनी त्यांच्या जुन्या डब्यात शोधतो म्हणून सांगितलंय, या शनिवारी परत जाणार आहे.