किल्ली कुठे ठेवली?

"काकीला पिस्तूल दाखवा. रिव्हॉल्व्हर नको, जुनाट वाटतं," पुतण्याने टेकायच्या आधीच सांगून टाकलं. काकी साठीच्या. यजमान गेल्यापासून पेट्रोल पंप त्याच बघतात. सुट्टीला सुट्टी लागली की रोकड घरी न्यावी लागते. बरेच हेलपाटे घालून परवाना मिळाला होता.

दुकानात मी आधी परवाना वाचतो, मग माणूस. पुतण्याने 9 एमएमचं विचारलंच. सगळेच विचारतात, सिनेमाची कृपा. आपल्याकडे तो बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं ते माप, प्रतिबंधित. साध्या परवान्यावर मिळत नाही. लोक बहुतेक .32 वरच येऊन थांबतात.

मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याचं दोनदा बघून .32 चं पिस्तूल काकींच्या हातात दिलं. "स्लाइड मागे ओढा." पिस्तुलाचा हा वरचा सरकता भाग मागे ओढून सोडला की काडतूस नळीत चढतं. त्यांनी ओढली. अर्ध्यावर बोटं सटकली. पुन्हा तेच. सांधे धरलेले. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं, पण तिथे स्लाइड शिकवणाऱ्यानेच ओढून दिली होती म्हणे.

"मी ओढून देत जाईन ना," पुतण्या म्हणाला.

मला राहवलं नाही. "रात्री दोन वाजता तुम्ही तिथे असणार का?"

मग 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून आणलेलं, 500 ग्रॅमचं, तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये. हलकं म्हणून बायकांना तेच दाखवायचा रिवाज पडलाय. मला तो पटत नाही. हत्यार जितकं हलकं तितका बार उडताना हाताला झटका जास्त. एकदा हात दुखला की माणूस सरावाला जात नाही, आणि सराव नसलेलं हत्यार घरात काय कामाचं?

शेवटी नेहमीचं, थोडं जड रिव्हॉल्व्हर दिलं. चाप ओढताना नळी खाली झुकत होती. दोन्ही हातांनी धरायला लावल्यावर स्थिरावली. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात तिथे परत स्लाइड आलीच.

काकींनी ते काउंटरवर ठेवलं. "घरात ठेवायचं कुठे? नातू चार वर्षांचा आहे. कपाटावर चढतो."

दुकानात येणारे लोक किंमत विचारतात, कंपनी विचारतात. पहिल्याच भेटीत हे विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलंय. मी म्हटलं, "ताई, आज घेऊ नका. आधी भिंतीत लॉकर बसवा."

मालक आतून माझ्याकडे बघत होते.

आठ दिवसांनी काकी एकट्याच आल्या. मोबाइलवर लॉकरचा फोटो दाखवला, चार बोल्ट पक्के. डमी काडतुसं घालून अर्धा तास भरणं-रिकामं करणं केलं, नोंदवहीत सही केली.

"पुतणे नाही आले?"

"त्याला लॉकर दाखवलाय," पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या. "किल्ली कुठे ते नाही सांगितलं."